फाल्गुनातलं वेंगुर्लं आणि सुरंगीची पहाट

कोकणात फुलं बघायला जायचं म्हटलं की लोक पटकन ऑगस्ट-सप्टेंबर म्हणतात. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, गवतात उगवणारी सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, सगळे फोटो तेव्हाचेच असतात, आणि ते दिवस सुंदर असतात यात वादच नाही. पण किनाऱ्याकडचं कोकण फुलांसाठी बघायचं असेल तर मी म्हणेन फाल्गुनात जा, फार तर चैत्र लागेपर्यंत. पावसाळ्यात सड्यावरच्या बोटभर मातीत ओल असते तेवढ्यात ती छोटी रोपं उगवतात, फुलतात, बी धरतात आणि दिवाळीपर्यंत वाळूनही जातात. त्यानंतर पाळी झाडांची. पानं गाळून पाणी वाचवायचं, उघड्या फांद्यांवर फुलं काढायची म्हणजे पाखरांना लांबून दिसतात, आणि पहिल्या पावसाच्या आत फळ-बी तयार ठेवायचं, असं बऱ्याच रानझाडांचं गणित असतं. त्यामुळे या दिवसांत खालची जमीन वाळलेली, तांबडी, धुळीची दिसते आणि गाडीतून जाणारा माणूस म्हणतो काय रखरखीत आहे. त्याने काच खाली करून मान जरा वर केली पाहिजे.

आमचा कॉलेजचा ग्रुप आहे, आता सगळे वेगवेगळ्या शहरांत, भेटी लग्नकार्यात नाहीतर कुणाच्या आईवडलांच्या आजारपणात. तर यंदा ठरवलं की शिमगा होऊन गेला की पाडव्याच्या आधी वेंगुर्ल्याकडे जायचं, मुलं नाहीत, नवरे-बायका नाहीत, फक्त आपण. आमच्यातली एक बॉटनी शिकवते, एक जण पक्ष्यांच्या मागे लागलेला असतो, एकाला फक्त समुद्र हवा असतो आणि उरलेले आम्ही जे दिसेल त्याने खूश होणारे. प्लॅन असा काही नव्हताच, राहायचं आरवली-शिरोड्याकडे एका घरगुती होमस्टेमध्ये आणि तिथून रोज जमेल तिकडे जायचं.

कोकणकन्येने गेलो आणि हे मी मुद्दाम सांगतेय, कारण रात्रीची ही गाडी उजाडायच्या सुमाराला राजापूर-वैभववाडीच्या पुढेमागे असते, आणि कणकवली ते कुडाळ हा तुकडा सकाळच्या कोवळ्या उन्हात खिडकीतून बघायला मिळतो. एका बोगद्यातून गाडी बाहेर आली आणि समोरच्या उतारावर पांगारा, एक पान नाही, नुसता लालभडक, आणि त्याच्यावर मैना आणि बुलबुलांचा नुसता गोंधळ चाललेला. पुढे काटेसावरी लागल्या. सावरीचं फूल झाडावर असताना मोठं वाटत नाही, पण खाली पडलेलं हातात घ्या, जाड, मांसल पाकळ्या आणि चांगलं वजन असतं त्याला. बॉटनीवाली म्हणाली, अगं ही लाल फुलं मुख्यतः पाखरांसाठी असतात, आत भरपूर पातळ मध असतो, पाखरू चोच घालतं आणि कपाळाला पराग घेऊन पुढच्या झाडावर जातं. पक्षीवाला तोवर दरवाज्यात उभा राहून नावं सांगत होता. कुडाळला उतरेपर्यंत आमची अर्धी ट्रिप वसूल झाली होती असं मला खरंच वाटलं.

आता सुरंगीबद्दल, म्हणजे कोकणातल्या त्या सुवासिक फुलांच्या झाडाबद्दल. हे सगळं लिहायला बसले तेच मुळात सुरंगीसाठी.

सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, मी लहानपणी मावशीच्या केसांत बघितला होता, वास नाकात कायमचा बसला होता, पण झाड कधी बघितलं नव्हतं. वेंगुर्ले तालुक्यात आरवली, आसोली, तुळस या बाजूला ही झाडं भरपूर आहेत, काही घरांच्या परड्यात, काही देवळांच्या आसपास, काही नुसती रानात. होमस्टेच्या काकांना आदल्या संध्याकाळी विचारलं तर ते म्हणाले, "सकाळी फटफटीत होवच्या आधी उठा, मगे काय तां कळात." म्हणून आम्ही अंधारातच निघालो, मोबाईलचे टॉर्च लावून, पाणंदीतून चालत.

झाड दिसायच्या आधी वास आला. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, मतलई, आणि आम्ही खालच्या अंगाने येत होतो त्यामुळे तो वास सरळ अंगावरच आला. गोड आहे पण जड नाही, त्यात थोडा मधाचा, थोडा ताज्या लाकडाचा भाग आहे. मला यापलीकडे सांगता येत नाही. मग आवाज ऐकू यायला लागला, आणि तो होता मधमाश्यांचा. अजून नीट उजाडलं नव्हतं तरी अख्खं झाड गुणगुणत होतं.

सुरंगीचं झाड बारमाही हिरवं, पानं लांबट, गडद, जाड. लांबून बघितलं तर फुललंय असं कळतही नाही, कारण फुलं फांद्यांच्या टोकाला येत नाहीत, जुन्या फांद्यांनाच चिकटून झुबक्यांनी येतात, पानांच्या आत दडलेली. खाली उभं राहून वर बघितलं की मग दिसतं की फांदी न् फांदी कळ्यांनी भरलीय. कळ्या गोल, लहान, आणि उमलल्यावर पांढऱ्या पाकळ्यांच्या मधे पिवळ्या केसरांचा गच्च गोंडा. आमच्या बाईंनी माहिती दिली की सुरंगी, नागचाफा आणि किनाऱ्यावरची उंडी ही तिन्ही एकाच कुळातली झाडं, आणि पूर्वी त्यांना कोकमाच्याच कुळात धरायचे. तिन्ही फुलांचा तो पिवळा गोंडा आठवून बघा, नातं लगेच पटतं. सुरंगीची काही झाडं फक्त नरफुलांची असतात, त्यांना फळ धरत नाही, पण कळ्या काढणाऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही.

झाडावर एक दादा आधीच चढलेले होते, आणि खाली त्यांच्या घरातल्या बायका जुनी लुगडी पसरून बसलेल्या. कळी उमलायच्या आत काढावी लागते. ऊन चढलं की ती फुलते, आणि फुललेल्या फुलाचा वळेसर होत नाही, म्हणून सगळा खेळ त्या दोन-तीन तासांचा असतो. वरून फांदीवर हात ओढत कळ्या खाली सोडायच्या, खाली बायकांनी पानं, देठ, किडे बाजूला करत निवडायच्या, आणि निवडता निवडता ओवायलाही सुरुवात करायची कारण बाजार गाठायचा असतो. मधमाश्या दादांच्या हातावर, मानेवर फिरत होत्या आणि ते शांतपणे कळ्या काढत होते. एका आजींच्या शेजारी मी बसले आणि विचारलं, फुललेली का नाही घेत? तर म्हणाल्या, "फुलली की तिका कोण इचारता? कळयेतच जीव हा गो." हात एक क्षण थांबला नाही त्यांचा. मला पण दोरा दिला, मी ओवल्या तेवढ्या कळ्या त्यांनी आपल्या वळेसरातच जोडून घेतल्या.

तासाभरात ऊन फांद्यांपर्यंत आलं आणि राहिलेल्या कळ्या फुटायला लागल्या. बघता बघता वरचा सगळा भाग पांढरा-पिवळा झाला, केसर खाली गळायला लागले, आमच्या खांद्यांवर, केसांत, डब्यातल्या घावण्यांवर. समुद्राशिवाय कशात रस नसलेला आमचा मित्र झाडाच्या बुंध्याला टेकून बसला होता आणि तासभर त्याने फोन काढला नव्हता. वळेसर आम्ही तिथेच विकत घेतले, मैत्रिणींनी लगेच माळले, मित्रांनी बायकांसाठी बांधून घेतले. आजी म्हणाल्या, सुकलो तरी टाकू नको, वास रवतलो. खरंच राहतो, माझा वळेसर आता तपकिरी झालाय आणि कपाटात साड्यांच्या घडीत आहे, कपाट उघडलं की कळतं.

या झाडांबद्दल एक काळजी वाटते तीही लिहिते. सुरंगी सावकाश वाढते, कळ्या यायला बरीच वर्षं लागतात, त्यामुळे मुद्दाम लावणारे कमी. आणि सगळ्या पट्ट्यात रानझाडं काढून काजूची कलमं लावणं, किंवा जागा साफ करून प्लॉट पाडणं हे चाललेलंच आहे. काजूने घरं उभी केलीत लोकांची, वेंगुर्ल्याच्याच फळ संशोधन केंद्रातून निघालेल्या जाती आज सगळीकडे लावतात, त्याला माझा विरोध असायचं कारणच नाही. पण जे झाड महिना-दीड महिना एका घराला रोज सकाळी रोख पैसे देतं ते बांधावर तरी राहावं, आणि फुलांचा सीझन म्हणून चार लोक बाहेरून यायला लागले तर राहीलही. म्हणून तर सांगतेय जा म्हणून. फक्त फांद्या ओढू नका, झाड कुणाचं ते विचारून पुढे व्हा, आणि वळेसर विकत घ्या.

दुपारी आरवलीच्या वेतोबाला गेलो. वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो अशी श्रद्धा, म्हणून त्याला नवसाच्या मोठाल्या चामडी चपला वाहतात, आणि केळ्यांचे घड. देवळाच्या गारव्यात बसून राहावंसं वाटतं. बाहेर शिरोड्याच्या वाटेवर मिठागरं लागतात, मार्चमध्ये काम ऐन रंगात असतं, चौकोनी आगरांत पाणी आटत आलेलं आणि कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी. याच शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत बरीच वर्षं शिक्षक होते. संध्याकाळ वेळागरच्या किनाऱ्यावर. सुरूचं बन, स्वच्छ वाळू, आणि बनाच्या पुढच्या वाळूवर मर्यादवेल पसरलेली, जांभळी फुलं सकाळी टवटवीत आणि दुपारनंतर मिटलेली. ही वेल वाळू धरून ठेवते, तिच्यावरून गाड्या घालणाऱ्यांना खरंच सांगावंसं वाटतं की बाबांनो ही गेली की मागची वाळू पण जाईल.

निवतीचा दिवस वेगळाच होता. किल्ले निवती म्हणजे छोटा डोंगर समुद्रात घुसलेला, वरून उत्तरेला भोगव्याचा लांबच्या लांब किनारा दिसतो, पलीकडे कर्ली नदी समुद्राला मिळते तो भाग, आणि पाण्याचे इतके रंग की आमचा समुद्रवाला मित्र बसलेल्या जागेवरून हलेना. खाली किनाऱ्यालगतचे ते पिवळसर खडक संध्याकाळच्या उन्हात अक्षरशः सोनेरी होतात. पण मला तिथल्या सड्याने वेड लावलं. कातळात झुडपं, आणि त्यातली अंजनी फुललेली! अंजनी ज्याने बघितली नाही त्याला पटणार नाही, निळा की जांभळा ठरवता न येणारा रंग, आणि बारीक बारीक फुलांचे झुबके थेट फांदीवर इतके दाट की खालचं लाकूडच दिसत नाही. इतर वेळी या झुडपाकडे कुणी ढुंकून बघत नाही. बहर फार टिकत नाही, त्यामुळे ती आपल्याला सापडणं हे नशीबच. खाली निळा समुद्र, मधे तांबडा कातळ आणि त्याच्यावर हा जांभळा रंग, फोटोत तो रंग येतच नाही हो, मी खूप प्रयत्न केला, दर वेळी नुसता निळा येतो.

बाजूला करवंदीची जाळी पांढऱ्या चांदण्यांनी भरलेली, तिचा वास दुपारच्या उन्हात जास्त येतो. लोकांना करवंद माहीत असतं मे महिन्यातलं, काळं, चिकाचं. त्याचं फूल इतकं सुवासिक असतं हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. उतारावर धायटीचे लाल-केशरी तुरे आणि त्यांच्यावर सूर्यपक्षी, एका झाडाभोवती गुंडाळलेली उक्षी, तिला पोपटी-पांढरे गुच्छ. उक्षीच्या जाड वेलात पाणी साठलेलं असतं, रानात फिरणारी माणसं तहान लागली की वेल तोडून ते पितात, काकांनी सांगितलं आणि लगेच म्हणाले आपल्याजवळ बाटली हा तर तोडूक नको. कुंभ्याची फुलं मात्र झाडावर बघायला मिळाली नाहीत, ती रात्री उमलतात आणि सकाळी गळून पडतात, आम्हाला जमिनीवरच दिसली, गुलाबी-पांढऱ्या केसरांची, ओलसर.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा बचत गट कांदळवनाची सफर घडवतो, तिथे जाच. होडी त्या स्वतः वल्हवतात, इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे खंड्या अगदी जवळून दिसतो. कांदळाच्या झाडाला लांब हिरव्या शेंगा लोंबताना दिसतात त्या शेंगा नव्हेत, ते झाडावरच रुजलेलं बी. आईच्या अंगावरच कोंब फुटतो, मग ते खाली पडून चिखलात सरळ उभं राहतं किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जाऊन रुजतं. तिवराची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात ती ओहोटीला बघा. त्या चिखलात हवाच नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. वल्हवणाऱ्या ताईंनी हे सगळं इतकं छान समजावलं की आमची प्राध्यापिका एकदम विद्यार्थिनी होऊन प्रश्न विचारत बसली. काठावर भेंडीचं झाड होतं, भाजीची भेंडी नव्हे, त्याची फुलं सकाळी फिकट पिवळी आणि सुकताना लालसर, एकाच फांदीवर दोन्ही रंग बघायला मिळाले.

वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकरी राखतात. अंड्यांतून पिल्लं यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, आणि फेब्रुवारी ते एप्रिल हा पिल्लं समुद्रात जायचा काळ. आम्ही गेलो त्या संध्याकाळी एक घरटं फुटलं. तळहातात मावतील एवढी पिल्लं, ओल्या वाळूवरून लाटेकडे निघालेली, मधेच थांबायची, परत निघायची. सगळे दोरीच्या मागे गप्प उभे, फ्लॅश बंद, एक लहान मुलगा हळूच "जा जा जा" म्हणत होता. आमच्या पक्षीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने ते लपवलं नाही.

आणि शेवटी रेडी. यशवंतगडाच्या भिंतींवर वडांची मुळं उतरलेली आहेत, दरवाजांच्या कमानींतून हिरवा उजेड येतो, आत फारशी गर्दी नसते. तिथून तेरेखोलला गेलो, नदीच्या अलीकडचाच किल्ला पण गोव्यात, समोर पलीकडे केरीचा किनारा. बोलायला जागा इथेच मिळाली आम्हाला. इतके दिवस फुलं, पाखरं, मासे, सोलकढी, ओल्या काजूची उसळ यातच होतो, इथे तटावर बसून मात्र एकेकाचं खरंखुरं निघालं, कुणाच्या नोकरीचं, कुणाच्या वडलांचं, एकीच्या घटस्फोटाचं जे तिने ग्रुपवर कधी लिहिलं नव्हतं. फोनवर हे बोलणं झालंच नसतं. माणसं शेजारी शेजारी बसून एकाच दिशेला बघत असली की बोलणं सोपं जातं असं मला तिथे वाटलं, आणि मैत्री टिकवायची तर वर्षातून एकदा तरी असं बसायलाच हवं.

जायचं असेल तर थोडं सांगते. कुडाळ किंवा सावंतवाडी, दोन्ही स्टेशनं वेंगुर्ल्याला सोयीची. सुरंगीसाठी मार्च धरा, पण जायच्या आधी होमस्टेवाल्यांना फोन करून कळ्या धरल्यात का विचारा, कारण बहर दर वर्षी थोडा मागेपुढे होतो. दुपारी ऊन कडक असतं तेव्हा सकाळ आणि संध्याकाळच बाहेर काढा, मधला वेळ झोपा, गप्पा मारा, पत्ते खेळा. टोपी, पाणी आणि जुने कपडे, कारण काजूच्या बोंडूचे डाग निघत नाहीत. रानातली कुसरीची वेल थोडी उशिरा फुलते आणि बहावा एप्रिल उलटताना, त्यामुळे आमच्यातल्या दोघांचं म्हणणं पुढच्या वेळी एप्रिलअखेर जाऊया, तोवर आंबाही येतो. मी ग्रुपवर सांगून टाकलंय की एप्रिलला पण येईन, पण फाल्गुन सोडणार नाही.